इंजिन आकाशात थांबते, बिघडते मात्र जमिनीवर

१.
पाचोरा–जामनेर ही नॅरोगेज रेल्वे खानदेशात 'पीजे' या लाडक्या नावाने ओळखली जाते. ५६ किलोमीटरचा तो मार्ग शतकभर चालला. या गाडीचे इंजिन वाटेत बिघडले, तर गाडी कपाशीच्या शेतांमध्येच उभी राही. उतारू खाली उतरत; कोणी बाभळीची सावली धरी, कोणी पायीच गावाची वाट धरी. इंजिन बंद पडणे म्हणजे खोळंबा, एवढाच त्याचा अर्थ होता. आज त्याच खानदेशाच्या आकाशात धुळे, शिरपूर आणि जळगाव येथून प्रशिक्षणाची लहान विमाने उडतात. एका इंजिनाच्या त्या विमानाला वाटेत उभे राहण्याची सोय नसते. त्याचे इंजिन का थांबते आणि ते थांबू नये म्हणून माणसाने काय काय केले, याचा हा इतिहास.

२.
आधी एक गैरसमज दूर करायला हवा. इंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे खाली पडते, असे नाही. पंखांखालून हवा वाहत आहे तोवर ते घसरत, तरंगत खाली येते. प्रशिक्षणाच्या लहान विमानाला १,००० फूट उंचीवरून साधारण अडीच किलोमीटर अंतर कापता येते. म्हणजे ४,००० फुटांवर असलेल्या वैमानिकाला मोकळे शेत शोधायला काही मिनिटे मिळतात. उड्डाणानंतर लगेच, ३०० फुटांवर इंजिन थांबले तर मिळतात ते काही क्षण. तेथून मागे वळून धावपट्टी गाठण्याच्या मोहाने अनेकांचे प्राण गेले आहेत. म्हणून समोर जे दिसेल तेथे उतरावे, हा धडा प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून घोटून घेतला जातो.

३.
पिस्टन इंजिनाच्या गरजा चारच: इंधन, हवा, ठिणगी आणि वंगण. यांपैकी एकही तुटली की शक्ती जाते. विमानाच्या इंजिनाची रचना करणाऱ्यांनी ठिणगीची काळजी फार पूर्वीपासून दुहेरी घेतली आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगी निर्माण करणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. बॅटरी उतरली तरी इंजिन चालते. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून फेऱ्या किती घटतात हे पाहतो. यंत्रात अशी जोडव्यवस्था ठेवता आली; परंतु ते यंत्र उघडून पुन्हा बसवणारा माणूस बहुधा एकटाच असतो. इंजिन बिघडण्याच्या इतिहासात याच माणसाची गोष्ट दडलेली आहे.

४.
ही गोष्ट विमानाइतकीच जुनी आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे यंत्र उडाले, हे सर्वांना ठाऊक असते. त्या यंत्राला सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन देणारे चार्ली टेलर मात्र विस्मृतीत जातात. राइट बंधूंच्या सायकल दुकानातील या कारागिराने ते इंजिन सुमारे सहा आठवड्यांत घडवले. वजन कमी राहावे म्हणून त्याचा मुख्य भाग अ‍ॅल्युमिनियमचा ओतला होता. घडवणारा आणि देखभाल करणारा हात एकच होता. यंत्रातला प्रत्येक आवाज त्या हाताच्या ओळखीचा होता. विमाने वाढली, विकली गेली, देशोदेशी पोहोचली, तशी ही ओळख तुटली. घडवणारा एक, दुरुस्त करणारा दुसरा आणि उडवणारा तिसरा, अशी वाटणी झाली.

५.
१९२७ मध्ये इंग्लंडच्या डी हॅव्हिलंड कंपनीने 'जिप्सी' हे इंजिन आणले. फ्रँक हाफर्ड यांनी रचलेले, चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे. ते बसवलेले 'जिप्सी मॉथ' विमान सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यातले ठरले. इंजिनाची भरवशाची ख्याती सिद्ध करण्यासाठी कंपनीने एक प्रयोग केला. एक इंजिन मोहरबंद करण्यात आले आणि ते न उघडता १९२८ च्या अखेरीपासून १९२९ पर्यंत ६०० तास उडवण्यात आले. नंतर उघडून पाहिले, तेव्हा झिजलेले भाग बदलण्याचा खर्च सुमारे ७ पौंड निघाला. ही केवळ जाहिरात नव्हती. चांगले चालणाऱ्या यंत्राला उगाच हात लावू नये, असा एक विचार त्या मोहरेखाली होता. त्याचे महत्त्व पुढे महायुद्धात कळणार होते.

६.
याच जिप्सी मॉथने भारतीय विमानविद्येचा एक सुंदर प्रसंग घडवला. १९२९ च्या अखेरीस आगाखान यांनी इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. तीन तरुण पुढे आले: रावळपिंडीचे मनमोहन सिंग, अवघ्या १७ वर्षांचे अ‍ॅस्पी इंजिनिअर आणि मुंबईचे जे. आर. डी. टाटा. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी टाटांनाच मिळाला होता. १९३० च्या वसंतात अ‍ॅस्पी लंडनहून कराचीकडे निघाले. टाटा कराचीहून लंडनकडे. दोघांची वाट एकच, दिशा मात्र विरुद्ध.

७.
इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी तेथे अडकून पडले होते. कारण क्षुल्लक होते: इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. टाटांकडे जादा प्लग होते. प्रतिस्पर्ध्याला अडकलेले सोडून पुढे निघून जाणे नियमबाह्य नव्हते. टाटांनी आपले प्लग देऊन टाकले. अ‍ॅस्पी यांनी कृतज्ञतेने आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले, कारण टाटांना पुढे समुद्र ओलांडायचा होता. ११ मे १९३० रोजी अ‍ॅस्पी कराचीला पोहोचले आणि बक्षीस त्यांचे झाले. मनमोहन सिंग यांनीही अंतर पार केले होते, पण ठरलेल्या मुदतीनंतर. अ‍ॅस्पी इंजिनिअर पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

८.
ही गोष्ट खिलाडूवृत्तीचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण इंजिनाच्या इतिहासात तिचा आणखी एक अर्थ आहे. स्पार्क प्लग ही बोटभर लांबीची वस्तू. तिच्या टोकाशी काजळी किंवा तेल साचले, फट कमीजास्त झाली, की ठिणगी दुबळी होते; सिलिंडर आळीपाळीने चुकू लागतात; इंजिन खोकू लागते. महिनाभराची स्पर्धा, ५०० पौंडांचे बक्षीस आणि एका तरुणाचे पुढील आयुष्य या बोटभर वस्तूवर अडून राहिले होते. विमानाच्या इंजिनात मोठे कारण आणि छोटे कारण असा भेद नसतो. ठरलेल्या तासांनी प्लग काढणे, साफ करणे, फट मोजणे हे कंटाळवाणे काम असते. टाळले तर तेच समुद्रावर गाठते.

९.
त्याच मे महिन्यात अ‍ॅमी जॉन्सन ही इंग्लिश तरुणी जिप्सी मॉथ घेऊन एकटीच लंडनहून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. वाटेत इंधन अपुरे पडून तिला झाशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. या प्रवासात तिला तारणारी गोष्ट वैमानिक परवान्याइतकीच दुसरी एक होती. ब्रिटनमध्ये विमान दुरुस्तीचा अधिकृत परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री होती. दिवसभर उडून थकल्यावर ती झोपण्याआधी स्वतः इंजिन उघडे, तेल बदले, प्लग तपासे. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. ज्याच्या जिवाची हमी आहे, त्यानेच पाना हाती धरावा, ही चार्ली टेलर यांच्या काळची रीत तिने एकटीने पुन्हा पाळली होती.

१०.
परंतु एक माणूस किती करणार? विमान सेवा चालवायची तर व्यवस्था हवी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून 'पुस मॉथ' विमानाने टपाल उचलले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल पुढे मद्रासकडे नेले. भारतातील नियमित देशी विमानसेवेचा हा प्रारंभ. विमान एका इंजिनाचे, रेडिओ नाही, अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आलेले. जुहूची जागा म्हणजे समुद्रकाठचे मैदान. पावसाळ्यात तेथे चिखल होई, म्हणून सेवा पुण्याला हलवावी लागे.

११.
अशा साधनांनी चाललेल्या या सेवेने पहिल्या वर्षात सुमारे १,६०,००० मैलांचे अंतर कापले आणि शंभर टक्के वक्तशीरपणा राखला. तत्कालीन सरकारी विमान खात्याने आपल्या अहवालात तिचे मुद्दाम कौतुक केले. वैमानिकांच्या धाडसाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. पण वर्षभर एकदाही उशीर न होणे हे धाडसाचे फळ नसते. ते रोज रात्री कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात इंजिन तपासणाऱ्या हातांचे फळ असते. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी त्याच मार्गावर 'लेपर्ड मॉथ' हे तीसच्या दशकातले विमान एकट्याने उडवून सुवर्णमहोत्सव साजरा केला. नीट निगा राखली, तर जुने यंत्रही विश्वासाला पात्र राहते, याचा तो पुरावा होता.

१२.
भारतात या निगेला कायद्याचे रूप लवकर मिळाले. १९३४ चा विमान अधिनियम आणि १९३७ चे विमान नियम यांनी देखभाल अभियंत्यांच्या परवान्याची चौकट घातली. काम झाल्यावर परवानाधारक अभियंता सही करतो आणि त्या सहीनंतरच विमान पुन्हा सेवेत येते. लॉगबुक हा विमानाचा सातबारा म्हणावा असा दस्तऐवज. इंजिन किती तास चालले, कोणता भाग कधी बदलला, कोणी बदलला, हे त्यात तासांनिशी लिहिलेले असते. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. कायद्याचे नाव बदलले. सहीचे वजन तेच राहिले.

१३.
एवढी शिस्त आली, तर इंजिने बंद पडणे थांबायला हवे होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडला याच्या नेमके उलट दिसू लागले. जर्मन पाणबुड्या शोधणारी लिबरेटर विमाने उडण्यापेक्षा दुरुस्तीतच जास्त वेळ अडकत. या कोड्यावर काम करण्यासाठी शास्त्रज्ञांचा एक गट नेमला होता. त्यात कॉनरॅड वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ होते. यंत्रशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. पण निरीक्षणे मांडून त्यांतला क्रम ओळखणे हा होता. दर ५० तासांनी होणाऱ्या ठरीव तपासणीनंतर अचानक उद्भवणाऱ्या बिघाडांचे काय होते, हे त्यांनी आलेखावर मांडून पाहिले.

१४.
अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी असावेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे ते वाढत जावेत. आलेख उलटा निघाला. तपासणी झाल्या झाल्या बिघाड सर्वाधिक होते आणि नंतर उडता उडता ते कमी होत गेले. म्हणजे तपासणी स्वतःच बिघाड निर्माण करत होती. वॉडिंग्टन यांच्या गटाने काही कामे अजिबात गाळली आणि काहींचे अंतर वाढवले. त्याच विमानांचे उड्डाणाचे तास सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. युद्धकाळात हे गुप्त राहिले. वॉडिंग्टन यांचे पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोहरबंद जिप्सी इंजिनाने जे सुचवले होते, ते आता आकड्यांत सिद्ध झाले होते.

१५.
असे का होते? इंजिन उघडणे सोपे असते. ते होते तसे बंद करणे अवघड. सिलिंडरच्या नटाला ठरलेल्यापेक्षा कमी ताण दिला, तर तो कंपनाने सैल होतो. जास्त दिला, तर बोल्टला ताण बसून तो पुढे तुटतो. इंधनाच्या नळीचे टोक अर्धे आवळलेले राहते. गॅस्केट किंचित सरकते. पुसण्याचे फडके आत राहते. तेल बदलल्यावर झाकणाला तार बांधायची राहून जाते. यांतला एकही दोष जमिनीवर उभ्या विमानात दिसत नाही. तो दिसतो पूर्ण शक्ती लावल्यावर, म्हणजे नेमका उड्डाणाच्या वेळी, जेव्हा जमीन जवळ असते आणि वेळ नसतो.

१६.
याचे सर्वांत बोलके उदाहरण मोठ्या विमानाचे आहे. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन इंजिनांचे एल-१०११ विमान १७२ जणांना घेऊन मायामीहून नासाऊकडे निघाले. एका इंजिनातील तेलाचा दाब घसरला, म्हणून वैमानिकांनी ते बंद केले आणि विमान मागे वळवले. थोड्याच वेळात उरलेली दोन्ही इंजिने एकापाठोपाठ थांबली. विमान समुद्राकडे उतरू लागले. प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे घालायला सांगण्यात आली. सुमारे ४,००० फुटांवर असताना आधी बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू झाले आणि त्या एका इंजिनावर विमान मायामीला सुखरूप उतरले. कोणाचाही जीव गेला नाही.

१७.
कारण रबराची एक कडी. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांतील, तेलातले धातूचे कण टिपणारे भाग बदलण्यात आले होते. त्यांवर ओ-रिंग बसवायची राहिली आणि उड्डाणात तेल गळून गेले. कामगार आळशी नव्हते. एरवी ओ-रिंग बसवलेलेच भाग हाती येत, त्या दिवशी तसे नव्हते आणि सवयीच्या हाताला ते जाणवले नाही. तीन इंजिने असण्याचा सारा फायदा एकाच चुकीने पुसला गेला, कारण तीच चूक तीन वेळा झाली. यातून एक साधा नियम पक्का झाला: समुद्रावरून लांब उडणाऱ्या विमानाच्या सर्व इंजिनांना एकाच माणसाने एकाच वेळी हात लावू नये. लहान विमानात दुसरे इंजिन नसते; म्हणून तेथे दुसऱ्या डोळ्यांची गरज आणखीच मोठी.

१८.
चूक करणाऱ्याचे काय करावे, याचेही उत्तर इतिहासात आहे. १९७८ मध्ये बॉब हूव्हर हे नामांकित अमेरिकन वैमानिक सॅन डिएगोहून उडाले आणि त्यांच्या पिस्टन विमानाची दोन्ही इंजिने थांबली. इंधन भरणाऱ्या तरुणाने पेट्रोलऐवजी जेट विमानांचे इंधन भरले होते. हूव्हर यांनी कौशल्याने विमान दरीत उतरवले, सारे वाचले. परतल्यावर त्यांनी त्या खचलेल्या तरुणाला सांगितले की उद्या माझ्या दुसऱ्या विमानात इंधन तूच भर, कारण ही चूक तुझ्या हातून पुन्हा कधी होणार नाही. पुढे जेट इंधनाच्या नळीला रुंद, चपटे तोंड आले, जे पेट्रोल टाकीच्या लहान तोंडात शिरतच नाही. त्या नळीला हूव्हर यांचेच नाव मिळाले. माणसाला क्षमा आणि चुकीला अटकाव, अशी ही जोडी.

१९.
१९७८ मध्येच अमेरिकेत स्टॅनली नौलन आणि हॉवर्ड हीप यांचा देखभालीवरील अहवाल आला. विमानाच्या भागांपैकी वय वाढले म्हणून बिघडणारे भाग जेमतेम ११ टक्के आणि बसवल्यानंतर सुरुवातीलाच बिघडण्याचा धोका असलेले सुमारे ६८ टक्के, असे त्यांनी दाखवले. वॉडिंग्टन यांचा आलेख पुन्हा बोलू लागला होता. १९९० च्या दशकात कॅनडाच्या गॉर्डन ड्युपाँट यांनी देखभालीतील चुकांच्या मुळाशी असणाऱ्या १२ गोष्टींची यादी केली. तिच्यात थकवा, दडपण, साधनांची टंचाई, संवादाचा अभाव, आत्मसंतुष्टता या गोष्टी आहेत. त्या यादीत पाना किंवा नट नाही. सगळा माणूसच आहे.

२०.
महाराष्ट्राने याचे दुःखद प्रसंग जवळून पाहिले आहेत. २८ जून २०१८ रोजी जुहूहून उडालेले किंग एअर सी-९० हे खाजगी विमान घाटकोपरच्या जागृतीनगर भागात कोसळले. ते दीर्घकाळ देखभालीत होते आणि उड्डाण दुरुस्तीनंतरच्या चाचणीचे होते. दोन वैमानिक, देखभालीतील दोन कर्मचारी आणि रस्त्याने जाणारी एक व्यक्ती असे पाच जण मृत्युमुखी पडले. अशा अपघाताला एकच कारण क्वचित असते आणि या अपघाताचे खापर केवळ यंत्रावर फोडता येत नाही. पण ज्यांच्या हातांनी यंत्र सिद्ध झाले, तेही त्या चाचणीत सोबत बसले होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण हा सर्वांत नाजूक काळ, हे वॉडिंग्टन यांनी सांगून सात दशके झाली होती.

२१.
लहान विमानांच्या देखभालीचा प्रश्न ऑक्टोबर २०२३ मध्ये ऐरणीवर आला. बारामती परिसरात १९ आणि २२ ऑक्टोबर रोजी रेडबर्ड या प्रशिक्षण संस्थेच्या दोन विमानांना अपघात झाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सहा महिन्यांतील पाच घटनांची नोंद घेऊन, देखभालीतील उणिवांकडे बोट दाखवून, संस्थेचे प्रशिक्षण स्थगित केले. प्रशिक्षणाचे विमान दिवसाला अनेक वेळा उडते, अनेक नवख्या हातांतून जाते. कच्चे उतरणे, एकदम वाढवलेली शक्ती, पुन्हा उड्डाण असा ताण सोसते. विद्यार्थी तासांचे पैसे भरतो, संस्थेला तास पुरे करायचे असतात. दडपण हे ड्युपाँट यांच्या यादीतले नाव येथे रोजच्या हिशेबात येऊन बसते.

२२.
खानदेशाचा या इतिहासाशी संबंध असा. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे घर जुहू. मुंबईच्या आकाशात गर्दी वाढली आणि क्लबचे उड्डाण प्रशिक्षण धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर आले. ज्या जुहूने टाटांचे टपाल विमान पाहिले, त्याची परंपरा अशी तापीच्या खोऱ्यात पोहोचली. आकाश मोकळे, जमीन सपाट; पण हवामान कसोटी पाहणारे. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास हवा विरळ होते, इंजिनाची शक्ती घटते आणि थंड राहणे त्याला अवघड जाते. वावटळीची धूळ गाळणीत अडकते. पावसाळ्यात दमट हवेचे पाणी टाकीत उतरते. दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या इंजिनाला आतून गंज चढतो. कंपनीच्या पुस्तकातले तास सर्वत्र सारखे असले, तरी उन्हाळा सर्वत्र सारखा नसतो.

२३.
१६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला. शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. पाऊस, चिखल आणि वाट नसलेले रान यांतून आदिवासी गावकऱ्यांनी झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणले. अपघाताचे कारण शोधणे हे २०१२ मध्ये स्थापन झालेल्या विमान अपघात तपास विभागाचे काम, आणि त्याचा हेतू दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा असतो. पण आकाशातून आलेल्या माणसाला पहिला हात देतो तो शेतात काम करणारा. म्हणून विमानाच्या इंजिनाचा प्रश्न केवळ उडणाऱ्यांचा उरत नाही. ज्यांच्या शिवारावरून ते उडते, त्यांचाही होतो.

२४.
इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीसाठी निर्मात्यांनी साधारण २,००० तास किंवा १२ वर्षे अशी मुदत सुचवलेली असते. मधल्या काळात खरी राखण छोट्या कामांची: ५० तासांनी तेल बदलणे, गाळणी कापून तिच्या घड्यांत धातूचे कण चमकतात का ते पाहणे, रोज सकाळी टाकीच्या तळचे थोडे इंधन काचेत घेऊन पाणी आहे का ते तपासणे, मॅग्नेटोच्या फेऱ्यांतला फरक लिहून ठेवणे. चमकणारा कण दिसला, तर तो इंजिनाने महिनाभर आधी पाठवलेला निरोप असतो. तो वाचणारा डोळा आणि 'आज हे विमान उडणार नाही' असे म्हणण्याची मुभा, या दोन गोष्टी असल्या की बहुतेक संकटे हँगरमध्येच संपतात.

२५.
अबुकीरच्या मैदानावर टाटांनी दिलेल्या प्लगांची गोष्ट लिहिली गेली, कारण तेथे स्पर्धा होती आणि दोन नावे पुढे मोठी झाली. रोज सकाळी वेळेवर बदललेल्या प्लगाची गोष्ट कोणी लिहीत नाही. बंद न पडलेल्या इंजिनाची बातमी होत नाही, न झालेल्या अपघाताला तारीख नसते. त्याची एकच नोंद राहते: लॉगबुकातली तासांची ओळ आणि तिच्यापुढची सही. पहिल्यांदा एकट्याने उडणारी अठरा-वीस वर्षांची मुले त्या सहीवर विश्वास ठेवून धावपट्टी सोडतात. सही करणाऱ्याला ते चेहरे ठाऊक असावेत, आणि सही नाकारण्याचे बळ त्याच्या हाती असावे, एवढेच या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे मागणे आहे.